ट्रकसाठी स्थळ

ट्रकला सासर शोधणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते फरीदाबादला आमच्या समोरच्या घरात राहायचे. आमचे हे आणि ते एकाच शटल गाडीने दिल्लीला ऑफिसला जायचे, म्हणून मी त्यांना भावजी म्हणायचे आणि ते मला वहिनी. दिसायला अगदी चारचौघांसारखे. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन, पायात पॉलिश केलेले काळे बूट. आणि याच अवतारात ते सहा चाकी ट्रक चालवायचे. लुंगी नाही, गळ्यात रुमाल नाही. ढाब्यावरचे लोक त्यांना आरटीओचा माणूस समजून उठून उभे राहायचे म्हणे.

बाकीच्या ट्रकांच्या पाठीमागे शेरोशायरी असते ना, बुरी नजरवाले वगैरे, तशी यांच्या ट्रकमागे एकच ओळ होती, मराठीत, वळणदार अक्षरात: ‘कृपया हॉर्न एकदाच द्यावा.’ आणि खाली, ‘आपला विश्वासू.’

सही तेवढी नव्हती.

आयुष्य सरकारी ऑफिसात गेलं होतं हो त्यांचं. बाहेर जाणाऱ्या टपालाचं टेबल. दिवसभर पाकिटांवर पत्ते घालायचे. मग एक दिवस वेळेआधीच निवृत्ती घेतली आणि म्हणाले, “वहिनी, जन्मभर गावांची नावं लिहिली. आता ती गावं बघणार.” सगळ्यांना वाटलं, तीर्थयात्रेला निघाले. भावजी आपले पहाटे उठून एका सरदारजींकडे जड गाडी शिकायला जात होते, कुणाला पत्ता नाही. परवाना मिळाला, ट्रक आला, तेव्हा आमच्या मराठी मंडळात जी काही कुजबुज झाली! गणपतीच्या मीटिंगमध्ये एकानं विचारलंसुद्धा, “म्हणजे तुम्ही आता ड्रायव्हर?” भावजी म्हणाले, “हो. तुमची मूर्ती आणायची असेल तर सांगा.” दुसऱ्याच मिनिटाला त्या गृहस्थांनी विषय बदलून प्रसादाच्या मोदकांवर नेला.

दिवस तसेच होते म्हणा. जो तो काहीतरी नवं करायला निघाला होता. कुणी नोकरी सोडून टीव्हीची एजन्सी घेत होतं, कुणी नव्या सेक्टरमध्ये प्लॉट. गुडगावकडे शेतात कारखाने उगवत होते. त्यामुळे भावजी वेडे आहेत की फार हुशार, हे छातीठोकपणे सांगायला कुणी तयार नव्हतं. त्यांची बायको सोडून.

त्यांच्या मिसेसना मी ताई म्हणायचे. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की एका वाक्यात मोकळ्या. मूलबाळ नव्हतं. घरात ती दोघं आणि गल्लीत तो ट्रक. शेजारची पंजाबी बाई रोज ओरडायची, “हटाओ जी इसे, हमारी बालकनी में हवा नहीं आती!” ताई शांतपणे सांगायच्या, “बहनजी, हमारे घर में भी नहीं आती.”

आता तुम्हाला यातली मेख सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एकच ट्रक असलेल्या माणसाला कुठलाही मोठा कारखाना थेट माल देत नाही. तो व्यवहार ट्रान्सपोर्ट कंपन्यांशी. म्हणून आपली गाडी एखाद्या कंपनीला अटॅच करायची. गाडी आपली, चालवणार आपण, माल मिळवून देणार कंपनी, आणि भाड्यातला त्यांचा वाटा त्यांना. कंपनी चांगली मिळाली तर माणूस तरतो. वाईट मिळाली तर गाडी नावाला आपली राहते आणि आपण त्यांचे नोकर होऊन बसतो. सगळा खेळ त्या एका निवडीचा.

आणि भावजींची निवड काही होत नव्हती. उन्हाळा गेला, पाऊस गेला, ट्रक गल्लीतच. जुन्या गाड्या घेणारा एक दलाल दर रविवारी यायचा. काही न बोलता ट्रकभोवती फिरायचा, टायरला लाथ मारायचा, बॉनेटवर हात फिरवायचा आणि ताईंकडे बघून हसायचा. त्याला माहीत होतं, हा ट्रक आज ना उद्या विकला जाणार. ताईंनी मला स्वयंपाकघरात सांगितलं, “थंडी पडायच्या आत गाडीला काम लागलं नाही, तर मी त्या माणसाला हो म्हणणार आहे. एकदा धुकं सुरू झालं की यांना मी रस्त्यावर सोडणार नाही, आणि वर्षभर गल्लीत उभा ट्रक बघून जगणारही नाही.”

“आणि भावजी?”

“त्यांना विकलं असं होईल ते,” त्या म्हणाल्या. पोळी तव्यावर करपली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भावजी आमच्याकडे आले. खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. “वहिनी, तुम्ही स्थळं जमवता ना?”

आता ते खरं होतं. मी शिकलेली फार नाही, हिंदीसुद्धा भाजी मंडईत शिकले, पण फरीदाबाद, मयूर विहार, पार पहाडगंजपर्यंत माझ्या ओळखीतून लग्नं जमलेली होती. मला वाटलं, यांच्या भाचीबिचीचं असेल. मी म्हटलं, “मुलगी काय करते?”

“उभी असते,” भावजी म्हणाले. “बाहेर.”

मला हसूच आवरेना. पण ते हसले नाहीत. म्हणाले, “थट्टा नाही करत. मुलगी देताना आपण काय काय बघतो? घर बघतो, माणसं बघतो, आधीच्या सुनेला कसं वागवतात ते बघतो. आणि ट्रक देताना लोक फक्त भाडं विचारतात. तुम्ही, आमची ही, तुमचे मिस्टर आणि मी, चौघं जाऊ. रीतसर बघू. न कळवता.”

अशी ती स्थळं बघायची मोहीम सुरू झाली. आम्ही चौघं ट्रकच्या केबिनमध्ये, मी आणि ताई बऱ्या साड्या नेसून. भावजी गाडी सुरू करायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून ताईंच्या हातात द्यायचे. “घड्याळ बघणारा माणूस घाई करतो.” आणि रेल्वेचं फाटक आलं की ते उघडं असलं तरी गाडी थांबवून खाली उतरायचे, रुळांवर दोन्हीकडे बघायचे, मग परत चढायचे. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. आमचे हे मान खाली घालून बसायचे. एकदा मागच्या बसचा ड्रायव्हर येऊन ओरडला, “ओ बाऊजी, रेल तुमसे पूछ के आएगी क्या?” भावजी म्हणाले, “नहीं, इसीलिए तो देख रहा हूँ.”

कंपन्यांचं सांगते. एका ठिकाणी ड्रायव्हर लोकांना पाणी प्यायला ग्लास नव्हता, नळाखाली ओंजळ धरायची. नापसंत. दुसऱ्या ठिकाणी मालक आम्ही बसायच्या आत हो म्हणाला. बाहेर येऊन भावजी म्हणाले, “एवढी घाई? घरात काहीतरी खोट असणार.” तिसऱ्या ठिकाणी समोरच्या पानवाल्याकडे चौकशी केली, जशी आपण मुलाच्या शेजाऱ्यांकडे करतो. पानवाला म्हणाला, मालक भला आहे. तर भावजी म्हणतात, “पानवाल्याचं ठीक आहे हो, तो काय ट्रक चालवतो?” ताई माझ्या कानात म्हणाल्या, “यांचं लग्न कसं झालं असेल ते विचारा मला.” रविवार आला की तो दलाल यायचाच. सकाळी हवेत गारवा जाणवायला लागला होता.

मग मथुरा रोडवरचं ते मोठं स्थळ आलं.

बल्लभगढच्या अलीकडे. काचेचं ऑफिस, एसी, कोपऱ्यात मासे पोहत असलेली मोठी पेटी. मागे प्रचंड आवार, भोवती उंच भिंत, पुढे लोखंडी गेट. शेठ गोरापान, हातात अंगठ्या, वागणं तर असं गोड की काय सांगू. आम्हा बायकांना नमस्कार करून बदाम-दूध मागवलं. नव्या कारखान्यांचा माल, बारा महिने काम, एक फेरी संपायच्या आत दुसरी तयार. ताईंचा चेहरा मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सैल झालेला पाहिला. त्या मला म्हणाल्या, “हेच. आता यांना काही शोधू देऊ नका.”

गाडी रस्त्यावर ठेवली तर चालान होईल म्हणून शेठच्या मुन्शीने ती आत घ्यायला लावली होती. आणि आत घेतल्यावर हात पुढे केला, “चाबी दे दो जी, आगे-पीछे करनी पड़ती है.” भावजींनी दिली. शेठच्या खुर्चीमागे एक लाकडी फळी होती, तिच्यावर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक किल्ली. आमचीही तिथे जाऊन लटकली.

मला एका जागी बसवत नाही. सवयच आहे. बायका मुलाच्या घरी गेल्यावर मागचं अंगण बघतात, तशी मी आवारात गेले. एक वयस्कर ड्रायव्हर बालदीत बनियन धूत होता. मी विचारलं, “भैया, गाडी कंपनी की है?”

“मेरी है, माताजी.”

“घर कहाँ?”

“अलवर की तरफ.”

मग मी तेच विचारलं जे मी प्रत्येक घरातल्या सुनेला विचारते. “घर जाना होता है?”

त्यानं बनियन पिळलं, गेटकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, “गाड़ी मेरी है, पर चाबी उनकी कील पे टँगती है. अलवर का माल ये देते नहीं. छोड़ने की बात करो तो हिसाब नहीं होता, और हिसाब नहीं होता तो गेट नहीं खुलता.” मग एकदम मोठ्याने, “बढ़िया कंपनी है, माताजी!” मी वळून पाहिलं. मुन्शी मागे उभा होता.

मी आत आले. शेठसमोर बोलायचं कसं? पण एक सोय होती, मराठीची. मी ताईंच्या शेजारी बसले, तोंडभर हसले आणि म्हटलं, “ताई, चेहरा असाच हसरा ठेवा. हे घर चांगलं नाही. इथे आलेली गाडी बाहेर पडत नाही.” आणि ड्रायव्हर बोलला ते सगळं सांगितलं.

ताई हसऱ्या चेहऱ्यानेच म्हणाल्या, “किल्ली त्याच्या मागे आहे.”

शेठ म्हणाला, “क्या कह रही हैं भाभीजी?”

आमचे हे पटकन बोलले, “मछलियाँ बहुत पसंद आईं इन्हें.”

भावजींनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला, त्या एसीत. आता तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे मुलाकडच्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत. पत्रिका जमत नाही म्हणतात. समोरचाही समजतो, दोन्हीकडची अब्रू राहते, चहा पिऊन माणसं उठतात. भावजी त्याच सवयीनं घसा खाकरून म्हणाले, “शेठजी, सब अच्छा है. बस एक बार कुंडली मिलानी पड़ेगी.”

मला वाटलं, सुटलो.

शेठचा चेहरा उजळला. “गाड़ी की कुंडली! वाह! हमारे यहाँ भी बिना मुहूरत कुछ नहीं होता. पंडितजी तो पीछे मंदिर में ही बैठे हैं. बुलाओ!”

आवारातल्या देवळातले पंडितजी आलेसुद्धा, पंचांग काखेत मारून. “गाड़ी शोरूम से कब निकली? सुबह कि शाम?” भावजींना खोटं बोलता येत नसे, हा त्यांचा आणखी एक दोष. सगळं खरंखरं सांगून बसले. पंडितजींनी बोटांवर काहीतरी मोजलं, डोळे मिटले, उघडले, आणि जाहीर केलं की असा योग त्यांनी फार वर्षांत पाहिला नाही. शेठनं टाळी वाजवली. “मीठा लाओ! भाईसाहब, गाड़ी आज से यहीं. सुबह माल लग जाएगा.”

पेढ्यांचा बॉक्स उघडला गेला. दोन-चार ड्रायव्हर दाराशी येऊन उभे राहिले. तो अलवरचाही होता, ओलं बनियन खांद्यावर टाकून. भावजींनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घालेनात. आमचे हे मला म्हणाले, “आता?” एकदा तोंड गोड केलं की संपलं. खिळ्यावरच्या त्या किल्लीकडे बघायचीही मला भीती वाटत होती.

तेवढ्यात ताईंनी पदर सारखा केला आणि उभ्या राहिल्या. माझ्यासमोर या बाई कधी कुठल्या परपुरुषाशी चार वाक्यं बोलल्या नव्हत्या. शेठशी नाहीच बोलल्या. पंडितजींकडे वळल्या.

“पंडितजी, आपने रिश्ता जोड़ दिया, बहुत अच्छा हुआ. अब आप ही बताइए, सगाई से पहले लड़की लड़के के घर रात रहती है क्या?”

पंडितजी गोंधळले. “नहीं… वो तो… नहीं.”

“हम लड़कीवाले हैं. ये इसको बेटी ही मानते हैं, तभी तो सब के सामने कुंडली मिलवाई. आज इसको घर ले जाएँगे. पूजा करेंगे, ओटी भरेंगे. फिर विदा करेंगे.”

ओटी म्हणजे काय ते तिथे कुणाला कळलं असेल देव जाणे. पण दाराशी उभ्या ड्रायव्हरांपैकी एकानं मान हलवली. पंडितजी शेठकडे न बघता म्हणाले, “बात तो मर्यादा की है, सेठजी.”

शेठ हसतच होता, पण हसू आता नुसत्या दातांत राहिलं होतं. त्यानं ताईंकडे पाहिलं, ड्रायव्हरांकडे पाहिलं. इतक्या लोकांसमोर, आपल्याच पंडितासमोर, मुलीच्या आईला नाही कसं म्हणणार? हळूच मुन्शीला म्हणाला, “दे दे.” आणि भावजींना, “कल शाम तक. हम खुद लेने आएँगे, नहीं तो.”

किल्ली खिळ्यावरून निघाली.

आम्ही केबिनमध्ये चढलो. भावजींनी गाडी सुरू केली, गेट उघडायला लागलं, आणि बरोबर गेटच्या मधोमध इंजिन बंद पडलं. क्लच लवकर सुटला असणार. मुन्शी खिडकीशी आला. “क्या हुआ? वापस ले लूँ?” ताई पुढे बघत म्हणाल्या, “अहो, तुम्ही रोज करता तसंच करा.” इंजिन लागलं. मथुरा रोडवर आलो आणि पहिल्या वळणावर मी इतका वेळ मुठीत दाबून धरलेला पेढा बघितला. त्याचा पार लगदा झाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीप आलीच. मुन्शी आणि आणखी दोघं. भावजी दाराशी जायला निघाले, तर ताईंनी त्यांना हातानं मागे सारलं आणि स्वतः उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

“भाईसाहब, लड़की ने मना कर दिया.”

मुन्शीनं ताईंकडे पाहिलं. मग गल्लीत उभ्या असलेल्या ट्रककडे पाहिलं. “लड़की ने?”

“हाँ जी. आजकल की लड़कियाँ.”

शेजारच्या पंजाबी बाईनं बालकनीतून ते ऐकलं. तिला आगापिछा काही माहीत नव्हता, पण ती ओरडली, “तो लड़की से ज़बरदस्ती थोड़ी करोगे? निकलो यहाँ से!” आणि आजूबाजूच्या बालकन्यांत माणसं दिसायला लागली. जीप गेली. नंतरही दोन-तीनदा ती गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, इंजिन चालू ठेवून. त्या दिवसांत आम्ही रस्त्यावर पावलं वाजली की खिडकीशी जायचो. भावजी तर ट्रकमध्येच झोपायला लागले.

ताई मला म्हणाल्या, “आता विकण्याचा प्रश्न नाही. आता तो विकला तर त्या माणसाला घाबरून विकला असं होईल.” बाई बदलली होती त्या दिवसानंतर. शोधायला आता त्याच पुढे.

बदरपूरच्या बाजूला एका म्हाताऱ्याचं काम होतं. पत्र्याची शेड, बाज, तिच्यावर तो आडवा. बसायला खुर्ची नाही, या म्हणणं नाही. आम्ही चौघं उभे. भावजींनी नेहमीप्रमाणे लांबलचक सुरुवात केली, मग अडखळले आणि एकदम विचारलं, “अगर कल को हमें छोड़ना हो तो?”

म्हाताऱ्यानं डोळासुद्धा पुरता उघडला नाही. “कल छोड़ना है तो आज क्यों आए? जाना हो तो जाओ. रोकूँगा किससे, गेट है मेरे पास?”

आम्ही मागे वळून पाहिलं. खरंच, गेट नव्हतं. भिंतही नव्हती. शेडसमोरची मोकळी जागा सरळ रस्त्याला जाऊन मिळत होती. ट्रक जसे उभे होते तसे कुणीही कधीही निघून जावं.

भावजी म्हणाले, “मंज़ूर है.”

तिथल्या तिथे! आमचे हे म्हणाले, “अरे, भाडं तरी विचार.” भावजींनी हातानं थांबवलं. ताईंनी घड्याळ मुठीत घट्ट धरलं.

त्या रविवारी तो दलाल आला. आमच्या गल्लीत ट्रकच्या जागी फक्त तेलाचा डाग होता. तो डागाभोवती एक फेरी मारून गेला.

म्हातारा काही देवमाणूस नव्हता बरं का. शिव्या द्यायचा, पैसे रखडवायचा, एकदा आसामकडच्या एका आडगावी भावजींना परतीच्या मालाशिवाय अडकवून ठेवलं, ते परत आल्यावर दोघांचं फोनवर असं भांडण झालं की आमच्या पीसीओवाल्यानं कानावर हात ठेवले. त्या अलवरच्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं, ते मात्र कधी कळलं नाही. मथुरा रोडवरून बस जायची तेव्हा मी त्या भिंतीकडे बघत राहायचे.

भावजींनी पुष्कळ वर्षं गाडी चालवली. नजर अधू झाल्यावर सोडली. तोवर ते त्याच म्हाताऱ्याकडे राहिले. पण एक होतं. वर्षातून एकदा, कधीही, मनात येईल तेव्हा, ते स्वच्छ बुशशर्ट घालून त्या शेडमध्ये जायचे आणि बाजेसमोर उभे राहून म्हणायचे, “मैं जा रहा हूँ.” एकदा मी सोबत होते म्हणून मला ठाऊक. म्हाताऱ्यानं मानसुद्धा वळवली नाही.

“जाओ.”

भावजी रस्त्यापर्यंत चालत गेले, मोकळ्या जागेतून, अगदी सावकाश. कडेला जाऊन उभे राहिले, दोन्हीकडची वाहनं बघितली. मग परत आले, आणि बाजेच्या टोकाशी बसले.

“नहीं गए?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“नहीं.”

“तो चाय पियो. ठंडी हो रही है.”

चहा आधीच मागवून ठेवला होता. दोन कप.